ग्रेवॉल्स: दिल्लीवाल्या लुटियन्सनं स्कॉटलंडात बांधलेलं घर, आताचं हॉटेल

फोर्थकाठचा

स्कॉटलंड ट्रिपच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कॅसलमध्ये एक रात्र तरी राहायचंय, कुठलं हॉटेल बरं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि गाडी भलतीकडेच गेली, म्हणून हा वेगळा धागा. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, एडिनबरात नोकरी करतो आणि जुनी घरं बघत फिरायचा नाद आहे, तेव्हा जाणकारांनी भर घालावी.

तर पहिलं म्हणजे, ज्या कॅसल हॉटेलांचे फोटो बघून आपण हुरळून जातो त्यातल्या बऱ्याच इमारतींचा लढाईशी काडीचा संबंध नाही. फोर्ट विल्यमजवळचं इन्व्हरलॉकी कॅसल हॉटेल १८६३चं, एअरशायरमधलं ग्लेनॅप कॅसल १८७०चं, आणि स्कॉटलंडच्या भूमीवरची शेवटची मोठी लढाई कलोडनची, १७४६ची. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं शांतता नांदल्यावर बांधलेले हे बुरूज. व्हिक्टोरिया राणीनं बाल्मोरल बांधलं आणि मग गिरणीवाले, जहाजवाले, बँकवाले सगळ्यांनाच कोपऱ्याकोपऱ्यावर लटकणारे टोकदार मनोरे आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे भिंतींचे शेंडे हवेसे झाले. स्कॉटिश बॅरोनियल म्हणतात त्या शैलीला आणि डेव्हिड ब्राइस हा त्यातला वस्ताद, ग्लेनॅप त्याचंच. वाईट नाहीत ही घरं, काही तर फारच देखणी आहेत, पण मला विचाराल तर एक घर बघायचं असेल तर कॅसल सोडा आणि ग्रेवॉल्सला जा.

ग्रेवॉल्स एडिनबराच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर, गलन नावाच्या गावाच्या कडेला आहे. १९०१ साली बांधलं, कुणी तर एडविन लुटियन्सनं. हो तोच, राष्ट्रपती भवनवाला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, दिल्ली अजून दहा-अकरा वर्षं लांब होती, आणि श्रीमंत इंग्रजांची सुट्टीची घरं बांधणारा हुशार पोरगा एवढीच त्याची ओळख. मालक होता आल्फ्रेड लिटलटन, पार्लमेंटातला खासदार आणि गोल्फवेडा. म्युअरफील्डच्या गोल्फ कोर्सवर अठराव्या ग्रीनपासून (शेवटच्या खड्ड्याभोवतालची हिरवळ) एका शॉटवर घर पाहिजे अशी त्याची अट होती असं सांगतात, आणि घर खरंच कोर्सला खेटून आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही फाटकातून आत येता तेव्हा घर समोर येऊन उभं राहत नाही. आधी फाटकाजवळची छोटी जुळी घरं, मग भिंती, रस्ता तिरका आत शिरतो आणि मग अंगण उघडतं, आणि समोर घराची जी बाजू दिसते ती सरळ नाहीच, ती आतल्या बाजूला वळलेली आहे, चंद्रकोरीसारखी. दार त्या वळणाच्या मध्यावर. दोन मजल्यांचं घर पण मुद्दाम बुटकं ठेवलंय, छप्पर मोठं, धुराडी उंच, बाकी सगळं जमिनीला धरून. "बघा मी किती मोठा" हा भाव कुठेच नाही. पाहुणा तिरका येतो, वळणात अलगद सापडतो, दारातून आत जातो, आणि पार पलीकडे गेल्यावर त्याला कळतं की उत्तरेला अख्खं गोल्फ कोर्स आणि फर्थ ऑफ फोर्थ ह्या खाडीचं पाणी पसरलंय. म्हणजे सगळ्यात मोठा देखावा त्यानं घराच्या पाठीमागे लपवून ठेवला आणि घराच्या आतूनच दाखवला.

दक्षिणेला बाग. बाग म्हणजे मोकळं हिरवं मैदान नाही तर भिंतींनी पाडलेल्या खोल्याच, एकीतून दुसरीत जायला दारं, आणि लांबच लांब रेषेत बघितलं तर शेवटच्या भिंतीत एक गोल झरोका आणि त्यातून लॅमरम्युअरच्या टेकड्या. बाग परंपरेनं बागा आखणाऱ्या गर्ट्रूड जीकल बाईंच्या नावावर सांगितली जाते, लुटियन्स आणि त्या कायम जोडीनं काम करायचे. ह्या भिंती शोभेच्या नाहीत हे तिथे मार्चमध्ये गेलात तर दोन मिनिटांत कळतं, फोर्थवरून येणारा वारा कानाखाली वाजवल्यासारखा लागतो आणि बागेच्या दारातून आत पाऊल टाकलं की एकदम बंद. बाहेर टोपी धरून चालणारी माणसं आत निवांत बाकावर बसलेली असतात. घराचं पहिलं नाव हाय वॉल्स होतं ते उगीच नाही.

दगड जवळच्याच रॅटलबॅग्ज खाणीतला, ओबडधोबड फोडलेला, खिडक्यादारांच्या कडांना तेवढा घडीव. नावात ग्रे असलं तरी ऊन पडलं की भिंती पिवळसर मधाळ दिसतात. छपराला पॅनटाइल म्हणजे नागमोडी वळणाची कौलं.

पुढे १९०५ साली लिटलटननं घर विकलं, विल्यम आणि एव्हलिन जेम्स ह्या गर्भश्रीमंत जोडप्यानं घेतलं, मग १९२४ साली सर जेम्स हॉर्लिक यांनी (हो, तेच दुधात घालायचं हॉर्लिक्स), आणि १९४८ साली हॉटेल झालं. ए म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीची संरक्षित इमारत आहे. आत लायब्ररीची खोली आहे भिंतींना लाकूड मढवलेली, शेकोटी, पुस्तकं, जुने सोफे, तिथे दुपारचा चहा घेत बसलं की हॉटेलात आलोय असं वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच की हे हॉटेल चांगलं आहे ते त्याच्या सजावटीमुळे नाही, मूळ घराचा नकाशाच इतका शहाणा आहे की हॉटेल झाल्यावरही त्याला फार हात लावावा लागला नाही.

फोटो टाकत नाही, माझे फोटो भिकार येतात.

टिवल्याबावल्या

मस्त धागा. पण एडिनबराहून जायचं कसं ते लिहा ना, गाडी नसेल तर?

फोर्थकाठचा

ट्रेननं ड्रेमला उतरा आणि तिथून टॅक्सी, नाहीतर थेट १२४ नंबरची बस नॉर्थ बेरिकची, ती गलनमधून जाते. गावातून चालत जाता येतं. बसच्या वरच्या मजल्यावर डावीकडे बसा, समुद्र दिसतो.

गोल्फवाले नाना

लेखकमहाशय, लिटलटनला तुम्ही "खासदार आणि गोल्फवेडा" म्हणून दोन शब्दांत निकालात काढलंत हे काही बरोबर नाही. हा इंग्लंडकडून क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळलेला पहिला माणूस. १८८४ची ओव्हलची टेस्ट, ऑस्ट्रेलियानं ५५१ कुटलेले, इंग्लंडच्या अकराच्या अकरा जणांनी बॉलिंग केली, शेवटी विकेटकीपर असलेल्या लिटलटननं पॅडसकट अंडरआर्म लॉब टाकले आणि १९ रनांत ४ विकेटी काढल्या, आणि तेवढा वेळ विकेटमागे कोण उभं तर साक्षात डब्ल्यू. जी. ग्रेस. पुढे वसाहत खात्याचा मंत्री झाला. आणि गेला कसा, तर १९१३ साली एका मॅचमध्ये बॉल लागला, त्याचं दुखणं वाढलं आणि त्यातच गेला. असा माणूस घर बांधणार ते मैदानाच्या कडेलाच बांधणार.

म्युअरफील्डबद्दलही एक. तिथला क्लब, एडिनबरा गोल्फर्सची ऑनरेबल कंपनी, १८९१ साली तिथे आला आणि लगेच १८९२ला ओपन (ब्रिटिश ओपन, गोल्फची मोठी स्पर्धा) भरली. म्हणजे लिटलटन आला तेव्हा कोर्स जेमतेम दहा वर्षांचं होतं, आज जसं पवित्र स्थान मानतात तसं काही नव्हतं. नंतर ओपनच्या वेळी मोठमोठे खेळाडू ग्रेवॉल्समध्येच उतरायचे, निकलॉससुद्धा. बायकांना मात्र त्या क्लबचं मेंबर होता येत नव्हतं, २०१६ला मतदान झालं तेव्हा ठराव पडला, ओपन काढून घेतली जाईल म्हटल्यावर २०१७ला पुन्हा मतदान घेतलं आणि पास झाला!

पर्णिका

नाना __/\__ तुमच्याकडे कुठलाही विषय क्रिकेटवर आणायची सोय असते.

चुनागच्ची

जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करते (पुण्यात, वाडे जास्त, दोनचार चर्चेस पण), आणि शिकायला दोन वर्षं ग्लासगोला होते, त्यामुळे चार ओळी.

तुम्ही वळणदार दर्शनी बाजूचं वर्णन छान केलंय, पण त्याचं नकाशातलं कारण सांगायला पाहिजे. अशा घरात मालकांच्या खोल्यांना देखावा आणि ऊन दोन्ही हवं असतं, इथे पंचाईत अशी की समुद्र आणि गोल्फ उत्तरेला आणि ऊन दक्षिणेला. साधा चौकोनी ठोकळा बांधला असता तर एक बाजू कायम थंड आणि अंधारी राहिली असती. घर उथळ ठेवून लांब पसरवलं, वाकवलं आणि प्रवेश कोपऱ्यातून तिरका घेतला, की दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, नोकरांची ये-जा एका टोकाला ढकलता येते आणि अंगणात उभ्या गाड्या बागेतून दिसत नाहीत. एका वळणात त्यानं चार-पाच प्रश्न मिटवले. हे दिसायला फार साधं वाटतं पण कागदावर काढून बघा, घाम फुटतो. वळलेल्या भिंतीच्या मागे ज्या खोल्या येतात त्यांचे कोपरे वेडेवाकडे होतात, ते कुठे कपाटात, कुठे जिन्यात, कुठे बोळात जिरवावे लागतात आणि राहायच्या खोल्या मात्र सरळ काटकोनात ठेवायच्या. ती जिरवाजिरवी ज्याला जमते तो खरा.

आणि हॉटेल म्हणून का चाललं, तर एडवर्डियन (सातव्या एडवर्ड राजाच्या) काळातलं सुट्टीचं घर मुळातच शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी असायचं. भरपूर बेडरूम, प्रत्येकीला लागून कपडे बदलायची खोली, वाचायला लायब्ररी, पाहुण्यांना एकमेकांपासून पळायला बाग. कपडे बदलायच्या खोलीचं बाथरूम करायचं की झालं. जुन्या कॅसलमध्ये हेच करायला गेलात तर सात फुटी भिंतीतून ड्रेनेजचा पाइप कुठून काढणार?

घाटावरचा

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, ह्याला स्कॉटिश घर कुठल्या तोंडानं म्हणायचं? इंग्लिश आर्किटेक्ट, इंग्लिश मालक, इंग्लंडातल्या सरे परगण्यातल्या घरांसारखं बुटकं छप्पर आणि उंच धुराडी, बाग पण सरेच्याच बाईंची. लंडनवाल्यांनी ऑगस्टमध्ये येऊन राहायचं आणि सप्टेंबरात कुलूप लावून जायचं. ह्यापेक्षा ते तुमचे बॅरोनियल बुरूजवाले निदान स्थानिक परंपरेचं नाव तरी घेतात. प्रेस्टनफील्ड घ्या एडिनबरातलं, १६८७चं घर, तेही हॉटेलच आहे आज, डच पद्धतीचे गोलाकार शेंडे, आत त्या काळचं प्लास्टरकाम आणि कातड्याची मढवलेली खोली, तिथे बॉस्वेल आणि जॉन्सन हे लेखक येऊन गेलेत, बेंजामिन फ्रँकलिन येऊन गेलाय. स्कॉटिश घर म्हणायचं तर ते.

फोर्थकाठचा

घाटावरचा, प्रेस्टनफील्डबद्दल दुमत नाहीच, पण तुम्हीच म्हणताय की शेंडे डच. ईस्ट लोदियनच्या (गलनचा परगणा) किनाऱ्यावर पॅनटाइल कौलं आली ती पण हॉलंडशी चालणाऱ्या व्यापारातूनच. मग स्कॉटिश म्हणजे नेमकं काय धरायचं? लुटियन्सनं दगड शेजारच्या खाणीतला घेतला, कौलं त्या किनाऱ्यावर घरोघरी दिसतात तशी, भिंती तिथल्या वाऱ्याला उत्तर म्हणून. बाल्मोरलछाप बुरूज लावायचा मोह टाळला हे मला उलट जास्त स्थानिक वाटतं.

आणि अजून एक पुरावा देतो. १९११ साली घराला नवीन भाग जोडला, तो रॉबर्ट लॉरिमरनं. लॉरिमर म्हणजे एकदम अस्सल स्कॉटिश माणूस, एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमधलं थिसल चॅपल त्याचं, पुढे एडिनबरा कॅसलवरचं राष्ट्रीय युद्धस्मारक त्याचंच. त्याला हवं असतं तर त्यानं मनोरे लावले असते, पण त्यानं लुटियन्सच्याच सुरात सूर मिसळून काम केलं. स्कॉटिश माणसाला ते घर परकं वाटलं नाही, मग आपण कशाला वाटून घ्या.

घाटावरचा

गिऱ्हाईकानं सांगितलं म्हणून त्यानं केलं असेल. जेम्स बाईंपुढे कोण बोलणार. मला तरी ते स्कॉटलंडात नेऊन ठेवलेलं सरेच वाटतं, सुंदर आहे ह्यात वाद नाही.

खडूस आजोबा

जेम्स बाईंचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. एव्हलिन जेम्स ह्या सातव्या एडवर्ड राजाच्या खास मैत्रीण, राजा ग्रेवॉल्सला यायचा. राजेसाहेबांसाठी बागेच्या भिंतीत खास संडास बांधला होता. तो आता हॉटेलची खोली आहे! किंग्ज लू असंच नाव आहे खोलीला. लोक पैसे देऊन तिथे झोपतात.

टिवल्याबावल्या

आजोबा 😂😂 हेरिटेज म्हणतात ते हेच का

पर्णिका

आजोबांनी अर्धीच गोष्ट सांगितली. त्याच घरात १९०७ साली जेम्स जोडप्याला मुलगा झाला, एडवर्ड जेम्स. हाच तो सररिअलिस्ट चित्रकारांचा मोठा आश्रयदाता. साल्व्हादोर दालीचा लॉब्स्टर बसवलेला टेलिफोन, ओठांच्या आकाराचा लाल सोफा, ही सगळी ह्याच्यासाठी आणि ह्याच्या पैशांवर झालेली कामं. पुढे मेक्सिकोच्या जंगलात त्यानं लास पोझास नावाची काँक्रीटची अद्भुत बाग उभी केली, कुठेच न जाणारे जिने, छप्पर नसलेले खांब. लुटियन्सचा पण संबंध बघा, जेम्स कुटुंबासाठी लुटियन्सनं इंग्लंडात मंकटन नावाचं घर बांधलं होतं, ह्या एडवर्डनं ३०च्या दशकात त्याला जांभळा रंग दिला आणि बाहेरून बांबूसारखे दिसणारे पाइप लावले. लुटियन्सला काय वाटलं असेल देव जाणे.

मी इतिहासाची नाही, डिझाइनची आहे, पण इतक्या आवरलेल्या घरात जन्मलेल्या मुलानं पुढे आयुष्यभर इतकं अचाट काही करावं ह्याची मला फार गंमत वाटते.

सांजवेळ

हॉर्लिक्सवाल्यांबद्दल पण थोडं लिहा ना. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत रोज रात्री कपभर, दुसरा काही इलाजच नव्हता.

खडूस आजोबा

सर जेम्स हॉर्लिक म्हणजे कंपनी काढणाऱ्या जेम्स हॉर्लिकचा मुलगा. ह्याचा खरा जीव बागकामात. ग्रेवॉल्सनंतर १९४४ला त्यानं गीया नावाचं अख्खं बेट विकत घेतलं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, आणि तिथे अकामोर गार्डन्स उभारली, ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातीच जाती. माल्टेड दुधाचा पैसा असा मातीत गेला आणि चांगला गेला.

चुनागच्ची

घाटावरच्यांच्या मुद्द्याला दिल्लीवरून एक बाजू जोडते. लुटियन्सनं ग्रेवॉल्सला घर मुद्दाम लपवलं, तिरकं आणलं, वळवलं. दिल्लीत व्हाइसरॉय हाउसच्या (आताचं राष्ट्रपती भवन) वेळी शेजारची सचिवालयं बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरशी त्याचं आयुष्यभराचं भांडण झालं ते बरोबर उलट्या कारणानं, रायसीनाच्या चढावर रस्त्याचा उतार असा ठेवला गेला की राजपथावरून (आताचा कर्तव्यपथ) वर येताना मधल्या टप्प्यात वाडा दिसेनासा होतो, नुसता घुमट तरंगतो. लुटियन्स चरफडत राहिला, त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खी इमारत नजरेत हवी होती. आता सगळे म्हणतात की एकच माणूस दोन उलट गोष्टी करतोय, मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे त्याचा आग्रह एकच आहे: पाहुण्याला कुठे काय दिसेल हे मी ठरवणार, रस्त्याच्या उतारानं ठरवायचं नाही. ग्रेवॉल्सला ते जमलं, दिल्लीत बेकरची सचिवालयं मध्ये आली.

बागेचं पण तेच. राष्ट्रपती भवनाची बाग आपण मुघल गार्डन म्हणून ओळखायचो, आता अमृत उद्यान, तिथेही आखणी लुटियन्सची आणि लागवड दुसऱ्याची, मस्टो नावाच्या बागशास्त्र्याची. भिंती, पाट, पायऱ्या, कट्टे ह्यानं काढायचे आणि फुलं जाणकारानं भरायची ही वाटणी त्यानं जीकल बाईंबरोबर काम करताना पक्की केलेली. जीकल बाई मूळच्या चित्रकार, डोळे अधू झाले तेव्हा बागेकडे वळल्या, म्हणून त्यांची फुलं ताटवे ताटवे करून रंगानुसार सरकत जातात, फिक्यापासून भडकपर्यंत आणि परत फिक्याकडे.

गोल्फवाले नाना

ताई, आपल्या मुंबईतल्या लोकांना एक आठवण करून द्या की गेटवे आणि म्युझियमवाला जॉर्ज विटेट पण स्कॉटिशच. ब्लेअर ॲथोलचा. आणि जीपीओवाला जॉन बेग पण.

चुनागच्ची

अगदी. विटेटची उमेदवारी स्कॉटलंडातल्या पर्थमध्ये हायटन ह्या आर्किटेक्टकडे झाली, मग एडिनबरा, आणि १९०४ साली मुंबईला बेगच्या हाताखाली आला. पर्थच्या हायटन घराण्याच्या ऑफिसनं बॅरोनियल घरं ढिगानं बांधली, पिटलॉख्रीचं ॲथोल पॅलेस हॉटेल त्यांचंच. म्हणजे विटेट ज्या टेबलावर रेघा मारायला शिकला तिथे बुरूज आणि मनोरेच चालले होते, आणि त्यानं मुंबईत येऊन विजापूरचा घुमट आणि गुजरातची कमान अभ्यासली. बाहेरच्या माणसानं बाहेरच्या जागी बांधलं की काय होतं ह्याची ही दोन टोकं, घाटावरच्यांनी म्हणून विटेटवर वेगळा धागा काढावा, मी फोटो देते.

रिकामटेकडा

मी थोडा पैशांचा माणूस आहे, मला वेगळाच प्रश्न पडलाय. ही एवढी घरं हॉटेलं झालीच का? मालकांना हौस आली म्हणून?

फोर्थकाठचा

हौस कसली, मारून मुटकून. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले, आणि अशी घरं पंधरा-वीस नोकरांशिवाय चालतच नाहीत. दुसरं म्हणजे वारसा कर. १८९४ला सुरू झाला तेव्हा किरकोळ होता, १९४९पर्यंत दहा लाख पौंडांवरच्या इस्टेटीला ८० टक्के. दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच घरांमध्ये सैन्य नाहीतर हॉस्पिटलं घातली, परत मिळाली तेव्हा पार रया गेलेली. मग विका, पाडा, शाळेला द्या नाहीतर हॉटेल काढा. स्कॉटलंडात त्यात एक चमत्कारिक प्रकार होता, छप्पर काढून टाकलं की घरपट्टी माफ, त्यामुळे लोकांनी चांगली धडधाकट घरं बोडकी केली. आज स्कॉटलंडात फिरताना रानात चार भिंती उभ्या आणि आत झाडं वाढलेली दिसतात, त्या सगळ्या काही लढाईत पडलेल्या नाहीत, बऱ्याचशा घरपट्टीत पडलेल्या आहेत. त्या हिशेबानं १९४८ला हॉटेल होणं हे ग्रेवॉल्सचं नशीबच.

रिकामटेकडा

आणि आता? परवडतं का हे चालवायला?

चुनागच्ची

तिथे एक विचित्र कर आहे. ब्रिटनमध्ये नवीन घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य, आणि जुनं दुरुस्त केलं तर २० टक्के. पूर्वी संरक्षित इमारतींमधल्या मंजूर बदलांना सूट होती, ती पण २०१२ला काढली. म्हणजे कौल बदला, सांधे भरा, खिडकी दुरुस्त करा, प्रत्येकावर पाचवा हिस्सा सरकारला. आणि ए श्रेणी म्हणजे आतला जिना, भिंतींना मढवलेलं लाकूड, शेकोटी, काहीही हलवायचं तर कौन्सिलची परवानगी. लोकांना वाटतं फक्त बाहेरचा दर्शनी भाग संरक्षित असतो, तसं नाही.

अग्निशमन हे सगळ्यात मोठं दुखणं. हॉटेल म्हटलं की बोळाबोळात आपोआप मिटणारी आगरोधक दारं आलीच. कमअस्सल कामात काय होतं की मूळची ओकची दारं काढून फेकतात आणि पांढरी प्लायवुडची बसवतात, तारेची जाळी असलेली काच, वर हिरवा दिवा. एका कॅसल हॉटेलात उतरले होते (नाव घेत नाही, हायलँडमध्ये आहे), खोलीपर्यंत जाताना अशी सहा दारं ढकलावी लागली, वाटलं सरकारी दवाखान्यात आलेय. आणि बाहेरून सगळे सांधे सिमेंटनं लिंपलेले. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी आत गेलं की बाहेर पडायला जागाच नाही, मग ते दगडातूनच बाहेर पडतं आणि थंडीत गोठलं की दगडाची खपली सुटते. सांधा उंचवट्यासारखा शाबूत आणि मधला दगड चमच्यानं खरवडल्यासारखा आत गेलेला, हे दृश्य एकदा ओळखायला शिकलात की सगळीकडे दिसेल, स्कॉटलंडातही आणि आपल्याकडच्या वाड्यांच्या जोत्यातही. चुन्याचा सांधा मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवायचा असतो, झिजायचं तर त्यानं झिजावं, शंभर वर्षांनी परत भरता येतो.

पर्णिका

हे वाचून आता मी प्रत्येक भिंतीजवळ नाक लावून उभी राहणार. नवरा आधीच वैतागलाय.

टिवल्याबावल्या

मूळ प्रश्न राहिला, राहायचं भाडं किती? आणि नुसतं बघायला सोडतात का?

फोर्थकाठचा

भाडं सीझनवर आहे, साइटवरच बघा, गोल्फची मोठी स्पर्धा असली तर नादच सोडा. वीसेक खोल्याच आहेत सगळ्या मिळून. नुसतं बघायचं असेल तर दुपारचा चहा किंवा जेवण बुक करा, त्या निमित्तानं लायब्ररी आणि बाग दोन्ही निवांत बघता येतं. घुसखोरी करू नका, राहणारे लोक बागेत पुस्तक वाचत पडलेले असतात. जून ते ऑगस्ट बाग जोरात, पण मला विचाराल तर एप्रिलमध्ये जा, झाडं उघडी असतात तेव्हा भिंतींची आखणी स्पष्ट दिसते.

घाटावरचा

मी मेमध्ये येतोय एडिनबराला, लेकीकडे. सरे म्हणा नाहीतर स्कॉटलंड म्हणा, चहा तुमच्याकडून.

फोर्थकाठचा

या की. आधी प्रेस्टनफील्ड दाखवतो, ते शहरातच आहे, दुसऱ्या दिवशी गलन. वाद बसमध्ये घालू, रस्ता लांब आहे. नाना तुम्हीपण या, म्युअरफील्डचं कुंपण बाहेरून तरी दिसेल.

गोल्फवाले नाना

कुंपणाबाहेरून बघायला मी काय आंबे चोरायला येतोय का? व्हिजिटर्ससाठी मंगळवार-गुरुवार कोर्स खुलं असतं, तुम्ही दोघं चहा प्या, मी खेळून येतो.